रिकनेक्शनच्या प्रयोगाची सुरुवात प्रोबपासून करा

रिकनेक्शन म्हणजे प्लाझ्मातल्या चुंबकीय रेषा तुटून नव्यानं जोडल्या जाणं. प्रिन्स्टनच्या एमआरएक्स या रिकनेक्शन प्रयोगासारखे चुंबकीय क्षेत्राचे नकाशे काढायची घाई नको. आधी एकच चुंबकीय प्रोब, म्हणजे बदलतं चुंबकीय क्षेत्र टिपणारी छोटी कॉइल, विश्वासार्ह करा. निम्मं काम तिथंच होतं.

३ मिमी व्यासाची, १० वेढ्यांची कॉइल पुरते. तिचं एकूण क्षेत्रफळ सुमारे ७×१०⁻⁵ चौ. मी. चुंबकीय क्षेत्र २० मायक्रोसेकंदांत ०.०२ टेस्लानं बदललं, तर साधारण ७० मिलिव्होल्ट मिळतात. हा आकडा आधी कागदावर काढा, मग स्कोपची रेंज लावा. क्षेत्रफळ मोजपट्टीवरून ठरवू नका, हेल्महोल्ट्झ कॉइलमध्ये (माहीत असलेलं, एकसमान क्षेत्र देणारी कॉइलची जोडी) कॅलिब्रेट करा.

नवखे हमखास फसतात ते इथे:

- प्लाझ्माचा विद्युत विभव तारांवर चढतो आणि तोच चुंबकीय सिग्नल वाटतो. तारा घट्ट पिळा. प्रोब १८०° फिरवून दुसरा शॉट (डिस्चार्ज) घ्या: खरा सिग्नल चिन्ह बदलतो, भेसळ बदलत नाही. दोन्हींच्या वजाबाकीचं निम्मं वापरा. शॉट सारखे येत असतील तरच हे चालतं, म्हणून कपॅसिटर बँकेचा (प्रयोगाला झटक्यात करंट देणारा कपॅसिटरचा संच) करंट दरवेळी नोंदवा.
- ट्रिगरआधीची बेसलाइन वजा न करता व्होल्टेजचं इंटिग्रेशन करून क्षेत्र काढलं, की ते वाहवत जातं.
- प्रोबमधलं अंतर फार ठेवतात. हायड्रोजनची घनता १०¹⁹ प्रति घनमीटर असेल तर आयन स्किन डेप्थ (ज्याहून लहान अंतरावर आयन चुंबकीय रेषांबरोबर हलत नाहीत) सुमारे ७ सेंमी; करंट शीट, म्हणजे रिकनेक्शन होतं तो करंटचा थर, त्याहून पातळ असू शकते. १ सेंमी अंतर बरं.

कपॅसिटर बँकेला हात लावण्याआधी शॉर्टिंग रॉड लावा आणि काम संपेपर्यंत काढू नका. डिस्चार्ज झालेल्या कपॅसिटरवरही व्होल्टेज पुन्हा चढतं.

इलेक्ट्रॉन तापमान, हॉल परिणाम वगैरे नंतर. पहिल्या प्रोबचा आलेख निघाला की दाखवा, बघू.