गोव्यातले लोक समुद्र साजरा करतात का? ८ जूनला मुलीला घेऊन यावं का?

८ जूनला येऊ नका. म्हणजे पाऊस बघायला यायचं तर अवश्य या. पण तुम्ही विचारलंय ते असं, की पुण्याहून जागतिक महासागर दिनाला मुलीला घेऊन येतोय, स्थानिक लोकांबरोबर समुद्रासाठी काही करता येईल का, आणि इथली माणसं समुद्र साजरा करतात तरी का. त्यासाठी ती तारीख अगदीच चुकीची आहे.

मी पेडणे तालुक्यातला. घरापासून किनारा चालत दहा मिनिटं. आमच्याकडे पाऊस साधारण ५ जूनच्या आसपास पोचतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, कारण हे माशांच्या विणीचे दिवस. होड्या माडांखाली ओढून वर झापं घातलेली असतात, किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले असतात आणि कोणी पाण्याच्या दिशेनं पाऊल टाकलं की जीवरक्षकाची शिट्टी वाजते. ८ जून ही तारीख संयुक्त राष्ट्रांनी २००८ साली मान्य केली, २००९ पासून अधिकृतपणे जगभर पाळतात. ठरवताना आमच्या पावसाला कोणी विचारलं नाही, एवढंच. त्यामुळे त्या दिवशीचे कार्यक्रम सभागृहात होतात, व्याख्यान, चित्रकला स्पर्धा वगैरे. वाईट नसतात, पण पुण्याहून त्यासाठी कशाला याल?

जूनच हवा असेल तर शेवटचा आठवडा धरा. २४ तारखेला सांजाव, म्हणजे संत जॉनचा सण, त्यात डोक्यावर पानाफुलांची कोपेलं घालून लोक विहिरीत उड्या मारतात आणि शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. २९ तारखेला संगोड. सां पेद्रू, म्हणजे येशूचा शिष्य पीटर, स्वतः मासेमार. म्हणून त्याच्या दिवशी ख्रिस्ती मासेमार होड्या एकमेकींना बांधून वर मंच उभारतात आणि गाणीबजावणी, छोटी नाटुकली करतात. कांदोळीचा संगोड नावाजलेला. ज्या दोन महिन्यांत हातावर पोट असलेल्या माणसाची कमाई बंद असते, त्याच दिवसांत तो आपली रिकामी होडी सजवून नाचतो, हे मला दरवर्षी नव्यानं आवडतं.

आमच्या पेडण्यातल्या गाबित, म्हणजे हिंदू मासेमारांच्या, वस्तीत मोठा दिवस तो नारळी पौर्णिमेचा. गोव्यात तिला सुतापुनव म्हणतात, जानवी बदलण्यावरून. त्या दिवशी दर्याला नारळ देतात आणि मग होडी पाण्यात जाते. इथे एक गंमत होते. बंदी उठते इंग्रजी तारखेनं, पुनव येते पंचांगानं. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून सरकारी दर्या १ ऑगस्टला उघडला आणि पंचांगातला ३० ऑगस्टला. आमच्या वाड्यावरच्या एका म्हाताऱ्याचा मुलगा पहिल्याच दिवशी ट्रॉलरवर गेला. म्हातारा महिनाभर घरची होडी बाहेर काढू देईना. घरात रोज भांडण, आणि जेवणात रोज मुलानं आणलेले बांगडे. म्हाताऱ्यानं नारळ सोडला तो पुनवेलाच. बांगडे मात्र तोही खात होता.

आता तुमच्या ‘काही करता येईल का’कडे वळतो. सप्टेंबरचा तिसरा शनिवार हा आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिवस असतो आणि ही तारीख आमच्याकडे खरंच जुळते. पाऊस ओसरत आलेला असतो आणि नद्यांनी चार महिने समुद्रात नेलेलं सगळं दर्यानं परत आणून टाकलेलं असतं. त्यात चवथीचं थर्मोकोल असतं, चपला असतात, आणि सगळ्यात जास्त असतात नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे. हे तुकडे वाळूत अर्धे गाडलेले असतात. ओढून येत नाहीत, कोयत्यानं कापावे लागतात. एक मोठं जाळं काढायला चौघांना तासभर लागतो आणि फोटोत ते काहीच दिसत नाही. म्हणून फोटोसाठी आलेली मंडळी बाटल्या वेचतात.

एका वर्षी बाहेरून आलेल्या एका गटानं आमच्या किनाऱ्यावरचं ‘रान’ही साफ केलं. मर्यादवेल मुळासकट उपटली, रावणाच्या मिशा उपटल्या. दोन्ही वनस्पती वाळू धरून ठेवतात, त्यांच्यामुळेच टेकाडं उभी राहतात आणि टेकाडांमुळे मागची घरं. समुद्राची मर्यादा तिथपर्यंत, म्हणून तर तिचं नाव मर्यादवेल. त्यांना थांबवायला गेलो तर एकानं मलाच हातमोजे आणि पाण्याची प्लॅस्टिकची बाटली दिली. तेव्हा आलात तर गावच्या पंचायतीशी किंवा मासेमारांशी बोलून या, आणि हिरवं काही उपटू नका. मे महिन्यात आलात तर वाळूत काळे डांबरगोळेही सापडतील. ते भर समुद्रात सांडलेल्या तेलाचे असतात. पायाला लागले तर खोबरेल तेलानं निघतात, साबणानं नाही.

पण मुलीला घेऊन येणार असाल तर माझं मत फेब्रुवारी-मार्चला. तेव्हा कासवं असतात. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मोरजी, मांद्रे-आश्वे, आगोंद आणि गालजीबाग इथे रात्री येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालतात. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. वाळू जास्त तापली तर त्यात माद्या जास्त निघतात, ही गोष्ट शाळकरी मुलांना फार आवडते. माझ्या लहानपणी ही अंडी खायला विकली जात. देवळात शिरताना दगडी कासवाला हात लावून नमस्कार करायचा आणि घरी येऊन अंडी खायची, यात कोणाला विसंगती वाटत नव्हती. मोरजीत १९९०च्या दशकात वन खातं आणि गावातली काही माणसं मिळून घरटी राखायला लागली. तीच मंडळी आता रात्रभर किनाऱ्यावर फिरतात आणि धोक्याच्या जागची अंडी कुंपणात हलवतात. भांडतातही, कारण शॅकचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळींचे, दिवे आणि संगीत. पिल्लू उजेडाच्या दिशेनं चालतं. पूर्वी तो उजेड समुद्रावरच्या आभाळाचा असायचा, आता हॉटेलचाही असतो.

रत्नागिरीतल्या वेळासचा कासव महोत्सव तुम्ही ऐकला असेल. आमच्याकडे तसा आखीव महोत्सव नाही, वेळापत्रकही नाही. वन खात्याच्या झोपडीपाशी जाऊन विचारायचं, ते म्हणतील तेव्हा थांबायचं. कधी तीन रात्री काहीच होत नाही.

सकाळी मोकळे असाल तर रांपण शोधा. किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी अर्धवर्तुळात जाळं टाकून येते आणि दोन्ही टोकांना माणसं दोर धरतात. हात लावणाऱ्याला वांटा मिळतो, अगदी तुमच्यासारख्या पाहुण्यालाही चार तारले हातात देतील. नाही म्हणू नका, राग येतो. या जाळ्यामागं मोठी लढाई आहे. १९७०च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला लागून मासळी खरवडायला लागले, तेव्हा माथानी साल्ढाणा आणि इतरांनी रांपणकारांना संघटित केलं. १९८०च्या गोव्याच्या सागरी मासेमारी कायद्यामुळे किनाऱ्यापासून ५ किलोमीटरपर्यंत ट्रॉलरना मज्जाव झाला. तो किती पाळला जातो हे रांपणकाराला विचारा, मात्र मुलीला जरा लांब उभं करा, कारण उत्तर शिव्यांसकट येईल.

दक्षिणेकडे जाणार असाल तर चिखली. तिथल्या खाडीत पातळ, चपट्या शिंपल्या राहतात. जुन्या गोव्यात काचेऐवजी ज्या शिंपल्यांची तावदानं बसवायचे, त्याच. त्या वाचाव्यात म्हणून गावकरी बरीच वर्षं झगडतायत. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ची. तिचे मुक्तद्वार दिवस असतात, ते आधी विचारून घ्या. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१च्या डिसेंबरात गोव्यातूनच निघाली होती, हे मुलीला सांगायला हरकत नाही.

मुलगी किती वर्षांची ते तुम्ही लिहिलं नाहीत. आठ-नऊच्या पुढची असेल तर मोरजीला दोन-तीन रात्री काढा, कारण पिल्लं बहुधा रात्री किंवा पहाटे निघतात. अंगावर गडद कपडे, पायात साध्या चपला. टॉर्च मात्र घरीच ठेवून या, आणि मोबाईलचा फ्लॅश बंद आहे ना ते गाडीतून उतरण्याआधीच बघा.