वाचकांचे प्रश्न : गुणोत्तर १० टक्के, तरी बँक मर्यादेबाहेर?

प्रश्न : एका बँकेच्या अहवालात टियर-१ भांडवल गुणोत्तर १० टक्क्यांवर आहे, पण लिव्हरेज गुणोत्तर ३ टक्क्यांच्या आसपास. भांडवल एकच, मग एवढी तफावत कशी?

उत्तर : अंश दोन्हीकडे तोच, टियर-१ भांडवल, म्हणजे मुख्यतः भागधारकांचा पैसा आणि राखून ठेवलेला नफा. छेद वेगळा : पहिल्यात जोखमीनुसार भार लावलेली मालमत्ता, लिव्हरेजमध्ये भार न लावलेली एकूण मालमत्ता. आकडे घेऊनच पाहू.

बँकेकडे रोकड १०० कोटी, सरकारी रोखे ५००, गृहकर्जं २०० आणि पतमानांकन नसलेल्या कंपन्यांची कर्जं २००, म्हणजे एकूण १,००० कोटी. शिवाय कंपन्यांना मंजूर केलेली, पण त्यांनी अजून न उचललेली १०० कोटींची कर्जमर्यादा. टियर-१ भांडवल ३१ कोटी.

आधी जोखीमभार लावा, म्हणजे मालमत्ता जितकी जोखमीची, तितका तिचा मोठा हिस्सा मोजा. रोकड आणि स्वतःच्या चलनातले सरकारी रोखे शून्य टक्के, गृहकर्जं ३० टक्के धरली तर ६० कोटी, कंपनीकर्जं १०० टक्के म्हणजे २०० कोटी. न उचललेल्या मर्यादेचे ४० टक्के, म्हणजे ४० कोटी, जमेस धरायचे. बेरीज ३०० कोटी. ३१ भागिले ३०० म्हणजे १०.३ टक्के. बासेल-३ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय भांडवल-नियमांनुसार किमान ६ आणि त्यावर २.५ टक्क्यांचा संरक्षक थर, मिळून ८.५. बँक आरामात पास.

लिव्हरेजमध्ये भारच नाही. १,००० अधिक न उचललेल्या मर्यादेचे तेच ४०, म्हणजे १,०४०. ३१ भागिले १,०४० म्हणजे २.९८ टक्के. किमान हवेत ३. बँक नापास! न उचललेली मर्यादा विसरलात तर उत्तर ३.१ येतं. हिशेब हमखास चुकतो तो इथेच.

प्रश्न : मग बँकेनं काय करावं?

उत्तर : २० लाखांचं जादा टियर-१ भांडवल उभारलं तरी ३ टक्के गाठता येतात, नफा राखून ठेवणं किंवा नवे समभाग काढणं हा सरळ मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे साधारण ७ कोटींची मालमत्ता विकून उसनवारी फेडणं. पण लिव्हरेजच्या लेखी रोखा आणि कंपनीकर्ज सारखेच, म्हणून बँक कमी व्याजाचे रोखे आधी विकते आणि जोखमीची कर्जं ठेवून घेते. आमच्या मते या मर्यादेचा हा खरा दोष आहे. अमेरिकेत एप्रिल २०२० ते मार्च २०२१ या काळात सरकारी रोखे आणि फेडमधल्या (अमेरिकी मध्यवर्ती बँकेतल्या) ठेवी मोठ्या बँकांच्या या हिशेबातून तात्पुरत्या वगळल्या होत्या, त्या याच अडचणीपोटी.

तरीही ही मर्यादा हवीच. जोखीमभार चुकीचे ठरू शकतात, आणि मोठ्या बँका ते स्वतःच्या मॉडेलनं कमी दाखवू शकतात. अहवाल वाचताना तिमाहीअखेरच्या आकड्याबरोबर तिमाहीची सरासरीही बघा. काही बँका शेवटच्या दिवसांत रेपो व्यवहार (रोखे तारण ठेवून होणारी अल्पमुदतीची उसनवारी) आटोपते घेतात आणि छेद आकसतो.

प्रश्न : भांडवल म्हणजे बाजूला ठेवलेली रोकड ना?

उत्तर : नाही, ती राखीव निधीची अट. भांडवल ताळेबंदात देण्यांच्या बाजूला असतं : भागधारकांचा पैसा आणि राखून ठेवलेला नफा. तो कर्जात गुंतलेलाच असतो. कर्ज बुडालं की आधी तोच झिजतो, ठेवीदार नंतर.