पहिलं अ‍ॅप कुणासाठी, आणि ते कुणाच्या नावावर?

मोठ्या कंपन्यांच्या मोबाइल अ‍ॅपबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमची औषध वितरणाची कंपनी आहे. ऑफिस अंधेरीला, गोडाऊन भिवंडीला, ६० सेल्समन, सुमारे ४ हजार केमिस्ट. साहेबांना केमिस्ट, सेल्समन आणि डिलिव्हरी अशी तीन अ‍ॅप्स दिवाळीपूर्वी हवी आहेत. सुरुवात कुठून करू?

तीन करू नका. एक करा, आणि ते सेल्समनचं करा. केमिस्टचं अ‍ॅप मीटिंगमध्ये छान दिसतं, पण त्या केमिस्टकडे आठ-दहा डिस्ट्रिब्यूटरांचा माल येतो. प्रत्येकाचं अ‍ॅप वेगळं, प्रत्येकाचा ओटीपी निराळा. एवढा व्याप करण्यापेक्षा तो संपलेल्या मालाच्या वहीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो आणि मोकळा होतो. सेल्समन तुमच्या पगारावर आहेत. त्यांना बसवून शिकवता येतं, आणि काही अडलं तर बोलणीही त्यांच्याकडून त्याच दिवशी ऐकायला मिळतात. त्यांच्या हातात जे टिकेल तेच पुढे केमिस्टला द्या.

पहिले चार आठवडे कोड लिहायचाच नाही. ऑर्डरी कशा येतात ते मोजा: फोनवर किती, व्हॉट्सअ‍ॅपवर किती, सेल्समनच्या वहीतून किती, आणि दर १०० ऑर्डरींमागे किती वेळा ऑफिसला उलट फोन करून विचारावं लागतं. हा शेवटचा आकडा जपून ठेवा. अ‍ॅप चाललं की नाही हे डाउनलोडवरून कळत नाही, तो आकडा उतरला की नाही यावरून कळतं.

याच महिन्यात आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या मालाची मूळ यादी, साफ करून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. एकाच पॅरासिटामॉल ५००च्या नोंदी ‘पट्टी’, ‘स्ट्रिप’ आणि ‘१०×१०’ अशा तीन नावांनी सापडतात. सेल्समन १० लिहितो, त्याच्या मनात पट्ट्या असतात. गोडाऊनमधून निघतात १० बॉक्स, म्हणजे १०० पट्ट्या. वहीच्या जमान्यात पॅकिंगवाला अनुभवावरून ‘एवढा माल हा केमिस्ट घेतच नाही’ म्हणून फोन करायचा. अ‍ॅप आल्यावर तो फोन बंद होतो आणि चूक थेट टेम्पोत चढते. म्हणून प्रत्येक आयटमला एकच कोड, एकच मूळ एकक, आणि स्क्रीनवर आकड्याशेजारी ‘पट्टी’ की ‘बॉक्स’ हे ठळक अक्षरांत.

अ‍ॅप थेट तुमच्या ईआरपीला (माल, बिलं आणि हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) जोडू नका. मध्ये एक थर ठेवा. शिल्लक मालाची प्रत दर पाच मिनिटांनी त्यात यावी, अ‍ॅपने तिथून वाचावं, आणि ऑर्डर तिथल्या रांगेत जमा होऊन ईआरपीकडे जावी. नाहीतर महिनाअखेरीला अकाउंट्सचे रिपोर्ट सुरू झाले की ईआरपी मंदावतं आणि ६० सेल्समन काउंटरवर फिरणारं चक्र बघत उभे राहतात. आणि महिनाअखेरीलाच टार्गेट गाठायची सर्वांत जास्त धावपळ असते.

आता नेटवर्क. प्रिन्सेस स्ट्रीटच्या एखाद्या जुन्या इमारतीतलं, आत लांबवर गेलेलं दुकान डोळ्यांसमोर आणा. सेल्समनने ४० आयटमची ऑर्डर भरली, ‘पाठवा’ दाबलं, चक्र फिरत राहिलं, त्याने पुन्हा दाबलं. पहिली विनंती खरं तर सर्व्हरला पोचली होती, फक्त उत्तर परत आलं नव्हतं. झाल्या दोन ऑर्डरी. यावर उपाय एकच: ऑर्डर उघडतानाच फोनने तिला स्वतःचा एकमेव क्रमांक द्यायचा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी ऑर्डर न करता जुन्याच ऑर्डरचं उत्तर परत द्यायचं. बटण करडं करून ठेवणं हा उपाय नाही, कारण अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं की बटण परत जिवंत होतं.

ऑर्डर आधी फोनमध्ये साठवा, मग पाठवा. अँड्रॉइडवर ठरावीक अंतराने होणाऱ्या पार्श्वभूमीच्या कामाला किमान १५ मिनिटांची मर्यादा आहे, आणि तेही अगदी वेळेवर होईल याची खात्री नाही. शाओमी, विवो, ओप्पोच्या फोनमधली बॅटरी बचत तर अशी कामं सरळ थांबवते. म्हणून स्क्रीनच्या माथ्यावर ‘३ ऑर्डरी अजून फोनमध्येच आहेत’ अशी लाल पट्टी हवी. सेल्समन घरी जायच्या आधी तिच्यावर बोट ठेवून त्या पाठवेल. भाव आणि १०+१ सारख्या स्कीमचा हिशेब सर्व्हरवरच ठेवा. फोनवरची रक्कम ‘अंदाजे’ म्हणून दाखवा, कारण सकाळी उतरवलेला भाव दुपारी बदललेला असू शकतो.

वेळेचं गणित: चार आठवडे मोजणी आणि मास्टर, दहा आठवडे पहिली आवृत्ती, चार आठवडे दोन भागांतल्या आठ सेल्समनवर चाचणी. त्या आठांत एक संगणकाला नाक मुरडणारा जुना माणूस असलाच पाहिजे. चाचणीत वह्या चालूच ठेवा आणि रोज संध्याकाळी वही आणि अ‍ॅप ताडून बघा. फरक शून्यावर आला की वह्या काढून घ्या. दोन्ही फार दिवस चालू ठेवल्या तर लोक वहीकडेच वळतात.

आमचं अ‍ॅप बनवणाऱ्या एजन्सीशी पटेनासं झालं आहे. अ‍ॅप त्यांच्या खात्यावर आहे. ते आमच्याकडे कसं आणायचं?

शेवटचा हप्ता दिला नसेल तर तो थांबवून आधी हस्तांतर मागा. दिला असेल तर गोडीगुलाबीने घ्या, कारण एजन्सीच्या सहीशिवाय पुढचं काहीच होत नाही.

कंपनीच्या नावाने गूगल प्ले आणि अ‍ॅपल अशी दोन्ही खाती उघडा. गूगलला एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलला वर्षाला ९९ डॉलर. संस्थेच्या खात्यासाठी दोन्हीकडे नऊ आकडी डन्स क्रमांक (कंपनीची ओळख पटवणारा) लागतो. डन्सच्या नोंदीतलं कंपनीचं नाव आणि पत्ता नोंदणी कागदांशी तंतोतंत जुळवा, सगळ्यात जास्त दिवस यातच जातात. खातं एखाद्या मॅनेजरच्या खासगी जीमेलवर काढू नका. तो नोकरी सोडून गेला की पुन्हा हेच दुखणं.

प्लेवर हस्तांतराचा अर्ज एजन्सीने करायचा असतो आणि त्यात तुमच्या खात्याच्या नोंदणीचा व्यवहार क्रमांक लागतो, त्यामुळे ती पावती शोधून ठेवा. वापरकर्ते, रेटिंग, अभिप्राय सगळं अ‍ॅपबरोबर येतं. अ‍ॅपलकडे एजन्सी पाठवते आणि तुम्ही स्वीकारता. पण तिथे टीम, म्हणजे अ‍ॅपलकडची डेव्हलपर खात्याची ओळख, बदलते, म्हणून नोटिफिकेशनची चावी नव्याने करावी लागते, आणि ‘साइन इन विथ अ‍ॅपल’ वापरत असाल तर त्या लोकांची ओळख वेगळी स्थलांतरित करावी लागते. हे विसरलं तर अ‍ॅप तुमच्याकडे येतं, पण ग्राहक आपल्याच खात्यात शिरू शकत नाही.

हस्तांतराच्या यादीत हेही लिहा: सोर्स कोड त्याच्या सगळ्या इतिहासासकट, फायरबेसचा (गूगलच्या अ‍ॅप सेवेचा) प्रकल्प, एसएमएसच्या डीएलटी नोंदणीतले (कंपन्यांच्या एसएमएससाठी लागणाऱ्या नोंदणीतले) हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि टेम्प्लेट म्हणजे मजकुराचा साचा, नकाशाच्या आणि पेमेंटच्या चाव्या. अँड्रॉइडची सही करायची मूळ चावी प्ले अ‍ॅप साइनिंगमुळे गूगलकडे असेल तर चिंता नाही, एजन्सीकडची अपलोड चावी (नवी आवृत्ती चढवताना लागणारी) बदलून मिळते. जुनं अ‍ॅप असेल आणि मूळ चावी फक्त एजन्सीच्या एखाद्या लॅपटॉपवर असेल, तर सगळ्यांत आधी ती फाइल आणि तिचे पासवर्ड ताब्यात घ्या. ती हरवली तर त्या अ‍ॅपला अपडेट देता येत नाही. नव्या नावाने नवं अ‍ॅप काढून सगळ्यांना ते पुन्हा उतरवायला सांगावं लागतं.

फ्लटर घ्यावं की अँड्रॉइड आणि आयफोनसाठी वेगवेगळं लिहून घ्यावं?

फॉर्म, याद्या, ऑर्डरी, बिलं असलं काम असेल तर फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह (एकदाच लिहिलेला कोड दोन्ही फोनवर चालवणारी साधनं) पुरतं. ब्लूटूथ प्रिंटर, सतत चालणारं स्कॅनिंग, पार्श्वभूमीत लोकेशन असं काही असेल तर तेवढा भाग दोन्हीकडे वेगळा लिहावाच लागतो, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच धरलेला नसतो. सेल्समनच्या अ‍ॅपला आयफोन लागतो का, हेही आधी मोजा. साठपैकी दोघांकडे आयफोन असेल तर त्या दोघांना कंपनीचा अँड्रॉइड फोन देणं स्वस्त पडतं.

रविवारी रात्री सर्व्हरचं एसएसएल सर्टिफिकेट बदललं. सोमवारी सकाळपासून अ‍ॅप कुणाचंच चालेना. वेबसाइट मात्र व्यवस्थित आहे. काय झालं असेल?

बहुधा अ‍ॅपमध्ये सर्टिफिकेट पिनिंग आहे. म्हणजे ‘सर्व्हरने अमुकच सर्टिफिकेट, त्याचं ओळखपत्र, दाखवलं तर बोलायचं’ असं अ‍ॅपमध्ये कोरून ठेवलेलं आहे. ब्राउझरला तसलं बंधन नाही, म्हणून वेबसाइट चालते. सिक्युरिटी ऑडिटमध्ये कुणीतरी सुचवलेलं असतं, कोड लिहिणारा ते करून जातो आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

आज तातडीने: जुन्या सर्टिफिकेटची मुदत उरली असेल तर तेच परत बसवा आणि मगच नवी आवृत्ती काढा. नव्या आवृत्तीत सर्टिफिकेटऐवजी त्याची सार्वजनिक चावी पिन करा, आणि सोबत एक राखीव चावीही. नूतनीकरणात तीच चावी वापरली की अ‍ॅपला बदल कळतच नाही. ‘अपडेट सक्तीचं आहे का’ हे अ‍ॅप ज्या सर्व्हरच्या पत्त्यावर विचारतं तो पिनच्या बाहेर ठेवा, नाहीतर ज्यांचं अ‍ॅप बंद पडलं त्यांना निरोपही देता येत नाही.

हे पुन्हा घडणार, आणि जास्त वेळा. सर्टिफिकेटची कमाल मुदत पूर्वी ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६पासून ती २०० दिवस, १५ मार्च २०२७पासून १०० आणि १५ मार्च २०२९पासून ४७ दिवस. हाताने सर्टिफिकेट बदलायची पद्धत त्याआधीच मोडीत काढा.

नवी आवृत्ती बिघडली तर जुनी परत आणता येते का?

नाही. प्लेवर टप्प्याटप्प्याने सोडलेली आवृत्ती थांबवता येते, पण ज्यांच्याकडे गेली त्यांच्याकडे ती राहते. जुनाच कोड वाढीव आवृत्ती क्रमांकाने पुन्हा चढवावा लागतो. म्हणून ५ टक्क्यांपासून सुरू करा आणि दोन दिवस क्रॅश बघा. प्लेच्या हिशेबात वापरकर्त्याला जाणवणारे क्रॅश १.०९ टक्क्यांवर किंवा अ‍ॅप गोठणं ०.४७ टक्क्यांवर गेलं की स्टोअरमध्ये अ‍ॅप मागे पडू शकतं. आयफोनवर टप्प्यांचं सोडणं सात दिवस चालतं: १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के. शुक्रवारी संध्याकाळी काहीही सोडू नका.

अ‍ॅपचं मराठी करून घेतलं, पण अक्षरं वरून कापली जातात आणि वाक्यं विचित्र वाटतात.

अक्षरं कापली जातात कारण बटणाची उंची इंग्रजी अक्षरांवर ठरवली आहे. उंची पक्की ठेवू नका, ओळीची उंची अक्षराच्या साधारण दीडपट धरा, आणि ‘मूर्ती’, ‘सर्वांकडून’, ‘कुटुंबांतर्गत’ असे रफार, अनुस्वार, उकार असलेले शब्द टाकून बघा.

वाक्यं विचित्र होतात कारण ती तुकड्यांनी जोडली आहेत. कोडमध्ये ‘गावाचं नाव + ला पाठवलं’ असं असलं की ‘ठाणेला पाठवलं’, ‘पुणेला पाठवलं’ असं दिसतं. ‘ठिकाण: ठाणे’ असं लेबल करा, विभक्तीचा प्रश्नच मिटतो. क्रियापदाचंही तेच: ऑर्डर पाठवली, बिल पाठवलं, माल पाठवला. प्रत्येकाचं पूर्ण वाक्य वेगळं लिहा. आणि ‘ऑर्डर’, ‘ओटीपी’, ‘डिस्काउंट’ तसेच राहू द्या. ‘मागणीपत्र प्रेषित करा’ वाचून सेल्समन भाषा बदलून इंग्रजी लावतो.

एक छुपी चूक आणखी. फोनची भाषा मराठी असली की आकडे देवनागरीत छापले जातात. तोच ‘१२५०’ सर्व्हरकडे गेला की सर्व्हर तो आकडा मानत नाही आणि ऑर्डर अडकते. इंग्रजी फोनवर चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. पडद्यावर देवनागरी दाखवा, पण सर्व्हरला पाठवताना भाषेशी न बांधलेली मांडणी वापरा.

एचआरला सेल्समनचं लोकेशन दिवसभर हवं आहे. देता येईल का?

तंत्राने येईल, पण देऊ नका. पार्श्वभूमीतल्या लोकेशनसाठी प्लेवर वेगळं निवेदन आणि व्हिडिओ द्यावा लागतो. अ‍ॅपच्या मुख्य कामाला ते लागतं हे पटलं नाही तर अपडेट नाकारलं जातं. दुपारपर्यंत बॅटरी संपते, मग सेल्समन लोकेशन बंद करतो आणि हातात काहीच उरत नाही. शिवाय २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आहेत. माहितीची वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. गोळा केलेली प्रत्येक माहिती सांभाळावी लागणार.

ऑर्डर नोंदवताना एकदाच ठिकाण घ्या. मशीद बंदरसारख्या इमारतींच्या दाटीत ते पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे दाखवतं, म्हणून ‘दुकानापासून २० मीटरच्या आत नसेल तर ऑर्डर नाही’ असली अट घालू नका. दीडशे मीटरची मोकळीक ठेवा, त्याबाहेरची ऑर्डर थांबवू नका, फक्त खूण करून सुपरवायझरला दाखवा. ठिकाणाच्या नोंदी किती दिवस ठेवायच्या ते एचआरकडून लेखी घ्या आणि मुदत संपली की आपोआप पुसल्या जातील असं आजच लावून घ्या.