जेल लावतेय, मग रात्रीची कॅप्सूल कशाला?

प्रश्न असा आहे: वय 51, पाळी थांबून दीड वर्ष, अंगातून वाफा येतात. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचे जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल दिली. कॅप्सूल टाळली तर चालेल का, आणि फोंड्याच्या घामात जेल टिकेल का?

गर्भाशयाची पिशवी काढलेली नसेल तर कॅप्सूल टाळू नका. नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीचे आतले अस्तर जाड होत जाते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. प्रोजेस्टेरॉन ते आवरते. तुमच्यासारख्यांना साधारण रोज 100 मिलीग्रॅम देतात, झोपताना, कारण गुंगी येते. झोप उडालेल्यांना ती नकोशी वाटत नाही म्हणा!

0.06 टक्के जेलच्या 1.25 ग्रॅममध्ये 0.75 मिलीग्रॅम इस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेनच, असते. मे महिन्यात सकाळी आठलाच घामाच्या धारा लागतात, म्हणून रात्री आंघोळीनंतर पंख्याखाली अंग कोरडे करून लावा. दंडावर किंवा मांडीच्या आतल्या बाजूला पातळ पसरायचे, स्तनांवर नाही. पाच मिनिटे वाळू द्या, तासभर पाणी नको. हात साबणाने धुवा. लावलेला भाग उघडा ठेवून नातवंडाला कडेवर घेऊ नका, औषध त्याच्या कातडीतून आत जाते.

पहिले तीन-चार महिने थोडे डाग पडतात. सहा महिन्यांनंतरही पडत असतील किंवा जास्त रक्त जात असेल तर गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा आपल्या डॉक्टरांकडे सोनोग्राफी करून घ्या. स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, पक्षाघात, यकृताचा आजार यांपैकी काही होऊन गेले असेल आणि डॉक्टरांना सांगायचे राहिले असेल, तर पुढचा डोस घेण्याआधी सांगा.