रिमिशन आलंय, मग ट्रान्सप्लांट कशाला?

तुम्ही बेळगावजवळच्या खानापूरहून विचारलंय, की धाकट्या भावाला एएमएल (रक्ताचा एक कॅन्सर) आहे, पहिल्या केमोनंतर रिमिशन आलं, आता हिंडतोय-जेवतोय. तरी डॉक्टर ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या रक्त बनवणाऱ्या पेशी चढवायचं, म्हणतायत. रोग उलटला तर तेव्हा करू, असं चालणार नाही का?

मी डॉक्टर नाही. माझ्या अक्काला हाच आजार झाला आणि पेशी मी दिल्या, तेवढ्या अनुभवावर सांगतो. आमच्या वडगावातही गल्लीभर हेच, "बरी झाली की, आता कशाला चिरफाड?" चिरफाड नसतेच मुळी. रक्ताच्या बाटलीसारखंच नळीतून चढवतात.

रिमिशन म्हणजे हाडांतल्या मज्जेतल्या कच्च्या पेशी ५ टक्क्यांच्या खाली आणि रक्ताचे आकडे जागेवर. रोग संपला असा त्याचा अर्थ नाही. सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या पेशी उरतात, त्या शोधायला एमआरडी तपासणी असते. उलटल्यावर दुसरं रिमिशन येईलच याची खात्री नाही, म्हणून रोग दबलेला असतानाच करतात.

पण सगळ्यांना लागत नाही हं. निर्णय भाऊ आता हिंडतोय-जेवतोय एवढ्यावरून नाही, मुख्यतः पहिल्या दिवशीच्या मज्जेच्या जनुकीय रिपोर्टवरून आणि केमोनंतरच्या एमआरडीवरून होतो. एएमएलचा एम-३ प्रकार असेल तर एट्रा आणि आर्सेनिक या औषधांवर बहुतेक जण बरे होतात. ८ आणि २१ गुणसूत्रांची अदलाबदल असेल तर सहसा पुढच्या केमोवर भागतं. एफएलटी-३ या जनुकाचा दोष, वाईट गुणसूत्रं किंवा केमोनंतरही एमआरडी पॉझिटिव्ह असेल, तर डॉक्टर पहिल्याच रिमिशनमध्ये ट्रान्सप्लांट सुचवतात.

मला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळंच. ट्रान्सप्लांटआधीची जबर केमो रोग मारते, एवढंच मी समजत होतो. खरं तर दात्याच्या पांढऱ्या पेशीही उरलेला रोग परका म्हणून ओळखून मारतात. म्हणून एकसारख्या जुळ्या भावाच्या पेशी शंभर टक्के जुळूनही रोग उलटण्याचं प्रमाण जास्त असतं! त्याच पेशी रुग्णाच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर उठतात, तो जीव्हीएचडी. अक्काला तोंड आल्यासारखं व्हायचं, अंगावर पुरळ, महिनोन्‌महिने गोळ्या. यात आणि संसर्गात माणसं दगावतातही, हे लपवून उपयोग नाही. धोका दोन्हीकडे आहे. रिपोर्टवरून कुठला मोठा ते डॉक्टरांना सरळ विचारा.

दाता निवडताना एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळवून बघतात. सख्ख्या भावंडाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता ४ पैकी १. नाही जुळलं तर आई-वडिलांचं निम्मं जुळतंच, आणि आता त्यावरही करतात. दात्याला काही दिवस पोटाच्या कातडीखाली इंजेक्शनं, हाडं ठणकतात, मग काही तास मशीनला जोडून पडायचं. अक्काचा रक्तगट बी होता, आता माझ्यासारखा ओ झालाय.

एक गोष्ट आजच करा: भावाला घरच्यांचं रक्त चढवू देऊ नका. आपल्याकडे पाहुणे-रावळे हौसेनं बाह्या वर करतात, पण दाता होऊ शकणाऱ्या नातेवाइकाचं रक्त आधी गेलं तर पुढे कलम, म्हणजे दात्याच्या पेशी, भावाच्या शरीराकडून नाकारलं जाण्याचा धोका वाढतो. मित्रांचं चालतं.

पैशाचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत सीमाभागातली ८६५ गावं घेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. तुमचं गाव यादीत आहे का बघा. कर्नाटकाचं आयुष्मान कार्डही काढून ठेवा. दोन्हींत ट्रान्सप्लांट बसतं का, किती रक्कम मिळते, हे दवाखान्याच्या योजना-काउंटरवर लेखी घ्या. मुंबई, बेंगळुरू, वेल्लोर कुठंही गेलात तरी पहिले शंभरेक दिवस जवळच खोली घेऊन राहावं लागतं, तो खर्च कुठल्याच पॅकेजमध्ये धरू नका.

जनुकीय रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते खाली टाका, म्हणजे डॉक्टरांना काय विचारायचं ते ठरवता येईल.