बायकोला डिप्रेशन आहे, मुलं 8 महिने आणि 9 वर्षांची. मुलांवर परिणाम होईल का? (घणसोली)

होऊ शकतो, पण दोघांवर वेगवेगळा. बाळ हुंकारतं, आई हसून 'हो का गं?' म्हणते, त्यातून ते शिकतं. समोरचा चेहरा थिजलेला राहिला की ते आधी हातपाय झाडतं, मग नजर फिरवून गप्प होतं. अशा बाळाचं 'किती शहाणं, रडतच नाही' म्हणून कौतुक होतं! मोठी मुलगी उलट अकाली पोक्त होते: स्वतःच डबा भरते, आईचा मूड बघून बोलते आणि शाळेच्या दिवशी नेमकं पोट दुखतं.

आधी आईचे उपचार. ती सावरली की मुलंही बऱ्याचदा सावरतात. गोळ्यांचा गुण यायला 2 ते 6 आठवडे लागतात, दहाव्या दिवशी सोडू नका. अंगावर पाजत असेल तर डॉक्टरांना सांगा, चालणारी औषधं असतात. तोवर तुम्ही रोज 15-20 मिनिटं मोबाइल ठेवून बाळाशी समोरासमोर बोला. मुलीला स्पष्ट सांगा, 'आई आजारी आहे, तुझ्यामुळे नाही.'

टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन), 14416: मोफत, 24 तास, मराठीतही. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाला बिचकू नका, ओपीडीत दाखवून घरी येता येतं. मरणाची किंवा बाळाला इजा करण्याची भाषा आली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी न्या.