पेन आणि पिनचा गोंधळ

प्रश्न: मुलगी दुसरीत आहे, मराठी मिडियम. पेनचं स्पेलिंग पी-ए-एन लिहिते आणि पिनचं पी-ई-एन. रोज पाठ करून घेते तरी परत तेच. काय करू?

उत्तर: ताई, आधी तिला रागावू नका, ती कानाला ऐकू येतं तेच लिहितेय. पेन म्हटलं की मधे ए ऐकू येतो आणि त्याच नावाचं अक्षर तिला माहितीये, मग ती तेच लिहिणार ना! गोंधळ अक्षरांच्या नावांचा आहे, म्हणून थोडे दिवस नावं बाजूला ठेवा आणि नुसते आवाज घ्या, म्हणजे कॅट मधला ॲ, तो ए चा, पेन मधला ए हा ई चा, पिन मधला इ हा आय चा, डॉग मधला ऑ हा ओ चा आणि कप मधला अ हा यू चा. मराठीत ॲ आणि ऑ लिहायची सोय आहे हे किती बरंय, पॅन, पेन, पिन देवनागरीत शेजारी शेजारी लिहा, खाली इंग्लिश स्पेलिंग, फरक तिला डोळ्यांनीच दिसेल. पुट मधे यू चा उ होतो, शेवटी ई लागला की कॅपचं केप होतं, ते सगळं नंतर. आत्ता पाठांतर बंद, रोज पाचच शब्द, तुम्ही बोलायचं तिने लिहायचं.